फ्री डिश स्वतः बसवली, आता चित्राबद्दल खरं खरं सांगतो

डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या फुकट सॅटेलाइट टीव्हीची छत्री स्वतः बसवली तर क्लिअर दिसते का भाऊ, असं आमच्या नागपूरच्या मानेवाड्यात जो तो विचारून राहिला म्हणून एकदाच लिहून टाकतो. दिसते. पण क्लिअर म्हणजे मोबाईलवर यूट्यूब एचडीत पाहता तसं काही डोक्यात धरलं असेल तर ते आधी काढून टाका, तसं नाही दिसत, आणि त्यात तुमच्या बसवण्याचा काहीच दोष नसते.

सामान सगळं बर्डीच्या बाजारातून आणलं, छत्री, एलएनबी (छत्रीसमोर दांडीवर बसते तो सिग्नल पकडणारा डबा), वायर नि एक साधा सेटटॉप बॉक्स. महिन्याचा रिचार्ज नाही हाच मोठा फायदा. बसवणं म्हणाल तर ज्याला पाना धरता येते त्याला जमते. डीडी फ्री डिश जीसॅट-१५ या सॅटेलाइटवर आहे, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर नि आपलं नागपूर ७९ वर, म्हणून छत्रीचं तोंड आग्नेयेकडे आणि नजर चांगली उंच, जवळपास ६० अंश. पण छत्री ऑफसेट असते, म्हणजे ती समोर पाहून राहिली असं वाटते तेव्हा खरं तर बरंच वरचं पकडत असते, हे माहीत नसलं की माणूस तिला पार आभाळाकडे उताणी करून ठेवते आणि मग दिवसभर सिग्नल शोधत बसते. एवढ्या उंच पाहण्याचा फायदा असा की झाडं, टाक्या सहसा आड येत नाहीत, १० फुटांवरचा कडुनिंब छत्रीपेक्षा १७ फूट वर गेला तरच भानगड. एलएनबी पण सरळ नाही ठेवायचा, तीसेक अंश तिरका फिरवावा लागते, खरा वेळ तिथे जाते.

बॉक्सच्या मेनूत फ्रिक्वेन्सी ११०९०, पोलरायझेशन व्हर्टिकल, सिम्बॉल रेट २९५०० टाकलं की दोन पट्ट्या येतात, स्ट्रेंथ नि क्वालिटी. स्ट्रेंथकडे पाहूच नका, ती या बॉक्सात छत्री भिंतीकडे असली तरी भरलेली दिसते. क्वालिटी हलली म्हणजे काहीतरी सापडलं.

आता मुद्द्याचं. क्वालिटी ६० असो की ९०, चित्र तेच दिसते. अगदी तेच. आमच्या शेजारच्या काकांना हे काही केल्या पटत नाही, रोज संध्याकाळी गच्चीवर, हातात पाना, नि खाली आवाज, "पाह्य बरं, आता सुधरलं का?" काकू पोळ्या टाकता टाकता म्हणणार, "हो, सुधरल्यासारखं वाटून राहिलं." काही नाही सुधरत हो. ही सगळी जुन्या अँटेनाची सवय आहे, तेव्हा दांडी फिरवली की मुंग्या कमी व्हायच्या. डिजिटलमध्ये बॉक्सला डेटा नीट मिळाला तर पूर्ण चित्र, कमी पडला की चौकोन फुटतात, आवाज तुटते, नि मग नो सिग्नल, मधलं असं फारसं काही नसते. मग जास्तीची क्वालिटी कशाला? तर पावसासाठी. हे केयू बँड, म्हणजे फार उंच फ्रिक्वेन्सीचं असल्याने जोरदार पाऊस सिग्नल खाते, क्वालिटी काठावर असली तर जुलैत पहिल्याच दणक्यात टीव्ही बंद, आणि चांगली भरून असली तर निदान मुसळधार येईपर्यंत तरी चालते. म्हणून पाना चालवायचा तो यासाठी चालवा.

मग चित्र पुसट का दिसते? कारण फ्री डिशवरचे बहुतेक चॅनल एसडी आहेत. एसडी म्हणजे ७२० गुणिले ५७६, म्हणजे सव्वाचार लाखांच्या आत ठिपके. तुमच्या भिंतीवरच्या फोरके टीव्हीत ३८४० गुणिले २१६०, ८३ लाखांच्या जवळ, बरोबर २० पट, म्हणजे आलेल्या एकेका ठिपक्यामागे १९ ठिपके टीव्ही आपल्या मनाने भरून राहिला. वर एकाच ट्रान्सपाँडरमध्ये, म्हणजे सॅटेलाइटच्या एकाच फ्रिक्वेन्सीवर, बरेच चॅनल दाटीवाटीने बसवलेले, प्रत्येकाच्या वाट्याला डेटा थोडाच. बातम्यांमध्ये अँकर एका जागी बसून असते तोपर्यंत ठीक, मॅचमध्ये चौका गेला नि कॅमेरा बॉलमागे पळाला की मैदानावरचं गवत हिरव्या रंगाने सारवल्यासारखं दिसते, कॅमेरा थांबला की गवत परत येते. तेच चॅनल आजीच्या खोलीतल्या २१ इंची जुन्या डब्ब्यावर लावा, मस्त दिसतात, आजी आम्हाला हसते.

जे हातात आहे ते एवढंच. लाल-पांढरा-पिवळा वायर काढून एचडीएमआय लावा, याने रंगांच्या कडा खरंच स्वच्छ होतात. टीव्हीचा पिक्चर मोड व्हिविड असेल तर स्टँडर्ड करा नि शार्पनेस खाली आणा, एसडीवर शार्पनेस वाढवला की चेहऱ्याभोवती पांढरी किनार येते बस. चित्र ताणलेलं असेल, सगळ्यांचे गाल फुगलेले, तर बॉक्समध्ये ॲस्पेक्ट रेशो, म्हणजे चित्राच्या रुंदी-उंचीचं प्रमाण पाहा. माझा बॉक्स लाइट गेली की ही सेटिंग विसरते, दरवेळी परत करा, त्याचा एक स्टार तर मी तिथेच कापला. आणि बॉक्स घेताना एमपेग-४ चाच घ्या (चित्राचा डेटा दाबून पाठवायची ही नवी पद्धत), जुन्या एमपेग-२ बॉक्सात सगळे चॅनल येत नाहीत, डीडीचे एचडी तर नाहीच.

छत्रीला ४ स्टार, बॉक्सला २. मोठा टीव्ही घेऊन फक्त मॅच पाहायची असेल तर फ्री डिशच्या भरवशावर राहू नका, बातम्या, सह्याद्री, जुने पिक्चर यासाठी झकास. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात नि ऑक्टोबरच्या सुरुवातीला सकाळी अकराच्या पुढेमागे काही मिनिटं चित्र गेलं तर गच्चीवर धावू नका, सूर्य बरोबर सॅटेलाइटच्या मागे येते म्हणून तसं होते, आपोआप परत येते. काकांना पण सांगून ठेवलं आहे, पण ते पाना घेऊन जाणारच.