भोसलेकालीन म्हणून घेतलेला चाकू, आठ महिन्यांनंतर

मागच्या दिवाळीनंतर तालुक्याच्या आठवडी बजारात जुनी भांडी विकणाऱ्याकडून हा चाकू घेतला. तो अडीच हजार सांगत होता, घासाघीस करून 1400 ला पटला. म्हणे भोसलेकालीन आहे, म्हणजे नागपूरच्या भोसल्यांच्या काळचा, गढीतून निघाला. आता विदर्भात गढ्या आहेत हो गावोगावी, पण प्रत्येक गंजकी वस्तू गढीतूनच कशी निघते देव जाणे. घेतला कारण एकदा हातात धरला तर ठेववेना. पातं साडेसहा इंच, मूठ धावड्याची, पुढे पितळेचं कडं, पाठ मुठीजवळ जाड अन् टोकाकडे निमुळती होत गेलेली. तिरप्या उजेडात धरला की अंगावर हातोड्याचे उथळ ठोके दिसतात. मशीनवर पट्टी कापून केलेल्या स्वस्त चाकूची पाठ शेवटपर्यंत सारखीच असते, ठोके तर नसतातच.

आजोबांच्या पेटीतला शेफिल्डचा घडीचा चाकू आहे माझ्याकडे, त्याची ओळख सोपी. पात्यावर इंग्लंड लिहिलंय, अन् बाहेरून येणाऱ्या मालावर देशाचं नाव टाकायची सक्ती अमेरिकेने 1890 च्या कायद्याने केली तेव्हापासून असे शिक्के जास्त दिसतात. स्टेनलेस लिहिलेला असता तर 1913 च्या आधीचा नाही हे पक्कं झालं असतं. पण गावच्या लोहाराने केलेल्या वस्तूवर शिक्का कुठला, तिथं घडणावळच वाचावी लागते.

भोसल्यांचं बिंग फुटलं एप्रिलमध्ये, तेही माझ्याच चुकीने. मटण कापल्यावर चरबी निघेना म्हणून चाकू कढत पाण्यात टाकून ठेवला अन् विसरलो. आत लाख भरून बसवलेली मूठ, लाख नरम पडली, पातं डुगडुगायला लागलं. लोहारकाकांकडे नेला. त्यांनी मूठ जराशी शेकून पातं बाहेर ओढलं तर शेपटाच्या (पात्याचा मुठीत जाणारा भाग) टोकाला अर्धगोल खाच, म्हणजे कापल्या गेलेल्या भोकाचा अर्धा भाग. काका हसायलेच लागले. "तुले कोनं सांगतलं हे भोसल्याचं व्हय म्हनून? टरकचा पाटा व्हय हा. मधल्या बोल्टाचं भोक हाय थे." पाटा म्हणजे ट्रकच्या स्प्रिंगची पोलादी पट्टी. नागपूरचे शेवटचे भोसले राजे तिसरे रघूजी 1853 मध्ये वारले अन् इंग्रजांनी राज्य खालसा केलं, तेव्हा नागपुरात ट्रक कुठून आले बाप्पा.

पैसे जास्त गेले याचा राग आहेच. पण चाकूवर राग धरता येत नाही. पाट्याचं पोलाद चिवट असते, अन् ज्याने कोणी याला पाणी पाजलं, म्हणजे तापवून एकदम गार करून कडक केलं, त्याचा हात बसलेला होता. आठ महिने रोज कांदे, वांगे, संत्री, सगळं याच्यावरच, धार पंधरा-वीस दिवस आरामात टिकते. मध्ये एकदा शहाणपणा करून बजारातल्या धारवाल्याच्या मोटरच्या चाकावर दिला, त्याने पाणी न लावता दाबून धरला, टोक निळं पडलं. म्हणजे तापून तेवढ्या भागाचं पाणी उतरलं, कडकपणा गेला. ते अर्धा इंच टोक आता दोन दिवसात बोथट होते. तेव्हापासून घरीच ओल्या दगडावर लावतो.

कार्बनचं पोलाद असल्याने काळं पडणार हे धरून चाला. लोणच्याची पहिली कैरी कापली तर फोडीला काळी रेघ आली अन् आई म्हणाली, "मले माही पावशीच बरी." पावशी म्हणजे विळी. नंतर पात्यावर निळसर राखाडी थर धरला तेव्हा फोडीचं काळं पडणं पण कमी झालं. हा थर घासून काढू नका, बोटाला लागत नाही तोवर ठीक. तांबूस भुकटी बोटाला लागली तर तो गंज, पावसाळ्यात एका रात्रीत येते. नकली जुन्या मालाला ॲसिडमध्ये बुडवतात, तो कानाकोपऱ्यात सारखाच काळा असतो. माझ्या चाकूवर मात्र जिथं काम होते तिथंच डाग आहेत, मुठीजवळ अजून लख्ख.

तेलाचं एक सांगतो, जवसाचं तेल मुठीला छान मुरते, पात्याला लावलं तर वाळून चिकट होते, मी खरडून काढलं. पात्याला कोरडं पुसून खोबरेलाचा हलका हात पुरे.

मूठ काकांनी नवीन लाख अन् विटकरीची भुकटी भरून परत बसवली, 50 रुपये घेतले. आता फक्त गार पाण्याने धुतो.

मागच्या बजारात तोच विकणारा भेटला, तसाच दुसरा चाकू काढून म्हणतो, घ्या याचा जोडीदार, भोसलेकालीन. मी म्हटलं मूठ काढून भोक दाखवू का. एकदम 900 वर आला. मी 500 म्हटले, अजून पटलं नाही. मंगळवारी परत जातो.