पुन्हापुन्हा पडणारं वाईट स्वप्न: संमोहन की फेरलेखन?

तेच स्वप्न, आठवड्यातून दोन-तीनदा, पहाटे तीन-चारच्या सुमारास. घाम फुटून जाग येते, पुढचा तासभर डोळा लागत नाही आणि काही महिन्यांनी अंथरुणाचीच धास्ती बसते. इथवर आलेला माणूस औषध सोडून दुसरं काही शोधू लागला की बहुधा दोन उपायांपाशी थांबतो. एक संमोहन. दुसरा इमेजरी रिहर्सल थेरपी, म्हणजे जागेपणी स्वप्न बदलून लिहायचं आणि त्या नव्या स्वप्नाचा रोज सराव करायचा. सोयीसाठी याला ‘फेरलेखन’ म्हणू. दोन्हींनी लोकांना आराम पडतो. तरी माझा कल एकीकडे आहे, आणि त्याचं कारण वरवर पाहता अगदी बारीक आहे.

आधी एवढं तपासा. झोपल्यावर पहिल्या तीनेक तासांत किंचाळून उठणं आणि सकाळी काहीच न आठवणं हा नाइट टेररचा प्रकार आहे. स्वप्नच आठवत नसेल तर फेरलेखन करणार कशाचं? झोपेत खरोखर लाथा-बुक्के मारले जात असतील, विशेषतः पन्नाशीनंतर, तर आधी मेंदूविकारतज्ज्ञाकडे जा. स्वप्नं एखादी गोळी सुरू केल्यावर (प्रोप्रॅनोलॉलसारखी बीटा ब्लॉकर, म्हणजे रक्तदाब-हृदयासाठीची गोळी, काही नैराश्यविरोधी औषधं) किंवा दारू एकदम सोडल्यावर वाढली असतील तर ते डॉक्टरांना सांगा, पण गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आणि स्वप्नांबरोबर जीव नकोसा वाटत असेल तर यातलं काहीच घरी करून बघू नका. मनोविकारतज्ज्ञाला भेटा, किंवा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर लगेच बोला.

पुराव्याच्या बाबतीत फेरलेखनाची बाजू जड आहे. अमेरिकेतले झोपेचे डॉक्टर बॅरी क्राको आणि सहकाऱ्यांनी 2001 साली लैंगिक अत्याचार सोसलेल्या 168 स्त्रियांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फक्त 3 सत्रांनी स्वप्नं आणि झोप या दोन्हींत फरक पडला. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने 2018 साली मानसिक आघातानंतरच्या आणि एरवीच्याही वाईट स्वप्नांसाठी हीच पद्धत शिफारस केली. संमोहन ‘वापरता येईल’ अशा उपायांच्या यादीत आहे. तेही कमी लेखू नये. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाच्या डॉक्टरांनी 2007 साली 36 रुग्णांचा पाच वर्षांचा पाठपुरावा मांडला. एक-दोन सत्रांनंतर महिन्याभराने सुमारे 45 टक्के लोक बरे किंवा बरेच सुधारलेले होते, आणि पाच वर्षांनी 40 टक्क्यांच्या आसपास. मात्र त्यात झोपेत चालणारे, किंचाळणारे असे सगळेच रुग्ण होते, निव्वळ वाईट स्वप्नांचे नव्हेत.

संमोहनाचं पहिलं सत्र तास-दीड तासाचं असतं. निम्मा वेळ बोलण्यात जातो, आणि तो जायलाच हवा. मग नजर एका बिंदूवर, श्वास मोजणं, दहापासून उलटे आकडे म्हणत मनाने पायऱ्या उतरणं, एखादी सुरक्षित जागा डोळ्यांसमोर आणणं. मग ते स्वप्न लांबवरच्या पडद्यावर चालू आहे असं बघायचं, रिमोट आपल्या हातात, शेवट आपण बदलायचा. एक ते पाच मोजून बाहेर. नीट बाहेर न आणल्यास अर्धा-पाऊण तास गुंगल्यासारखं वाटतं, लगेच गाडी चालवू नये. घरी जाताना पंधरा-वीस मिनिटांचं रेकॉर्डिंग मिळतं: रोज रात्री झोपताना ऐका.

माझ्या दृष्टीने पारडं इथे फिरतं. वाईट स्वप्नांचा माणूस मुळात झोपेला भुकेलेला असतो. आडवं होऊन, दिवा मालवून, शांत आवाज कानात सुरू झाला की पाच-सात मिनिटांत त्याचा डोळा लागतो. रेकॉर्डिंगमधलं शिथिलीकरणच आठ-दहा मिनिटांचं असतं आणि बदललेला शेवट त्यानंतर येतो. म्हणजे ज्या भागासाठी ही खटपट, तो भाग रात्रीमागून रात्री ऐकलाच जात नाही. लोक तीन आठवड्यांनी सांगतात, झोप छान लागते, पण पहाटेचं स्वप्न तसंच आहे. तसंच असणार.

झोपेतही आवाज मनात शिरतच असेल, हा युक्तिवाद ऐकू येतो. जिनिव्हातल्या संशोधकांनी 2022 साली 36 रुग्णांवर केलेला प्रयोग इथे उपयोगी आहे. त्यांनी एका गटाला दिवसा, पूर्ण जागेपणी, नव्या स्वप्नाचा सराव करताना पियानोचा एक स्वरमेळ ऐकवला. तोच स्वरमेळ रात्री नेमक्या स्वप्नांच्या झोपेत वाजवल्यावर त्या गटाला जास्त फायदा झाला. म्हणजे त्या स्वरमेळाचं नव्या स्वप्नाशी नातं आधी जागेपणी जुळलं होतं. डोळा लागता लागता ऐकलेल्या आवाजाचं तसं नाही.

यावर उपाय आहे: रेकॉर्डिंग संध्याकाळी खुर्चीत ताठ बसून ऐकायचं. उपयोग होतो. पण मग उरतं काय, तर शांत बसून नव्या स्वप्नाचा जागेपणी सराव. ते तर फेरलेखनच झालं, पुढे दहा मिनिटांची प्रस्तावना जोडलेलं.

फेरलेखनाला वही आणि दिवसाची वीसेक मिनिटं पुरतात, पण चुका ठरलेल्या होतात. पहिली म्हणजे सर्वांत भयानक स्वप्नापासून सुरुवात. मधल्या ताकदीचं निवडा. अपघाताचं किंवा अत्याचाराचं जसंच्या तसं पडणारं स्वप्न तर एकट्याने घेऊच नका, त्याला तज्ज्ञ सोबत हवा. दुसरी चूक फक्त शेवट बदलण्याची. समजा, विहिरीत पडण्याचं स्वप्न आहे. ‘पडलो, पण कुणीतरी दोर टाकला’ असं लिहिलं, तर रोजच्या सरावात रोज पडणं आलंच. त्यापेक्षा पहिल्याच चित्रात विहिरीच्या जागी बारव आणा. रुंद पायऱ्या, पायाखाली गार दगड, पाणी घोट्यापर्यंत, वर कोनाड्यात पारवे. पडायला जागाच नाही. तिसरी चूक पाठलाग करणाऱ्याला ठार मारण्याची. अशा सरावाने छाती धडधडतच राहते.

नवं स्वप्न पाच-सात ओळींत लिहा आणि जुनं पुन्हा वाचू नका. रोज दहा ते वीस मिनिटं, दिवसा, बसून, नवं चित्र मनात चालवा. आठवड्यात दोनपेक्षा जास्त स्वप्नं हाती घेऊ नका. मध्येच जुनं चित्र घुसलं तर त्याच्याशी झगडू नका. डोळे उघडा, खोलीतल्या तीन वस्तूंची नावं घ्या, मग पुन्हा पहिल्या पायरीपासून. डोळ्यांसमोर चित्रच येत नाही अशी तक्रार असेल, तर आधी आठवडाभर रोज पाच मिनिटं ओळखीची प्रसन्न जागा आठवायचा सराव करा. आवाज आणि स्पर्शापासून सुरुवात केली की चित्र मागून येतं.

काही ठिकाणी मात्र मी संमोहनाकडेच बोट दाखवेन. स्वप्न आठवत नाही, नुसती भीती उरते. लिहायला बसलं की हात थरथरतो. किंवा अंग इतकं ताठलेलं असतं की सैल पडणं म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. गोष्ट ऐकताना आजूबाजूचं भान हरपतं अशा माणसाला संमोहन लवकर लागतं. सर्वांना ते सारखं लागत नाही. थोड्यांना फार चांगलं, थोड्यांना जवळजवळ नाहीच, बाकीचे मध्ये. भास होत असतील, संशय बळावला असेल किंवा फिट्स येत असतील तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय संमोहन नको.

भेटीची वेळ घेतानाच दोन गोष्टी विचारा. तुमचं क्लिनिकल सायकॉलॉजी किंवा मनोविकारशास्त्राचं शिक्षण काय? आणि स्वप्नाचं ‘मूळ’ शोधायला बालपणात किंवा पूर्वजन्मात नेणार का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल तर तिथे जाऊ नका. संमोहनात मिळालेली आठवण खरीच असते असं नाही, पण ती खऱ्यासारखी घट्ट बसते, आणि मग जुन्या स्वप्नाला नवं खाद्य मिळतं.

ज्यांना दोन्ही हवं आहे त्यांनी कामं वाटून घ्यावीत. रात्रीचं रेकॉर्डिंग निव्वळ झोप लागण्यासाठी, त्यात स्वप्नाचा उल्लेखही नको. नवं स्वप्न दुपारच्या वहीत. वहीच्या मागच्या पानावर सुरू करण्याआधीचे दोन आठवडे आणि नंतरचे सहा आठवडे रोज सकाळी दोन आकडे लिहा: काल किती वाईट स्वप्नं पडली, आणि भीती दहापैकी किती. बऱ्याचदा भीतीचा आकडा आधी उतरतो, स्वप्नांचा मागाहून. सहा आठवड्यांत दोन्ही हलले नाहीत तर ते पान घेऊन तज्ज्ञाकडे जा.