वर्डप्रेसचा पेजर एकाच फाइलमध्ये: आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

पानांच्या आकड्यांची पट्टी, म्हणजे पेजर, काढायला वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये वेगळं प्लगइन (जोड-प्रोग्राम) लागत नाही. 'पेजिनेट_लिंक्स' हे फंक्शन २.१ आवृत्तीपासून गाभ्यातच आहे. त्यावर बेतलेलं 'द_पोस्ट्स_पेजिनेशन' ४.१ पासून मिळतं. आठ महिने वापरलेली मांडणी अशी: थीममध्ये (साइटचं रूप ठरवणाऱ्या फाइलींत) पेजरची एकच फाइल, आणि लेखांची यादी, शोध, निविदा, छायाचित्रं या सगळ्या टेम्प्लेटमधून 'गेट_टेम्प्लेट_पार्ट'ने तिलाच हाक. ५.५ पासून या फंक्शनला तिसरा पॅरामीटर देता येतो. त्यातून क्वेरी (डेटाबेसकडे केलेली लेखांची मागणी) सरळ पेजरच्या हातात द्यायची, ग्लोबल व्हेरिएबलच्या भानगडीत पडायचं नाही.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. या आठ महिन्यांत आलेल्या बिघाडांपैकी एकही लिंका छापणाऱ्या कोडमध्ये नव्हता. पेजरला दोनच आकडे कळतात, एकूण पानं किती आणि आपण कितव्या पानावर आहोत. ते चुकीचे दिले तर तो तेच आकडे इमानेइतबारे छापतो.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी अडचण म्हणजे शेवटच्या काही पानांवर येणारा ४०४, म्हणजे 'पान सापडलं नाही' हा संदेश. कॅटेगरीच्या टेम्प्लेटमध्ये स्वतःची क्वेरी लिहून दर पानाला ६ लेख ठेवलेले असतात, पण सेटिंग्जमधल्या रीडिंगमध्ये डीफॉल्ट १० तसेच राहिलेले असतात. समजा लेख ५४ आहेत. पेजर ९ पानं दाखवतो, पण वर्डप्रेसच्या मुख्य क्वेरीच्या हिशेबाने पानं ६ च. टेम्प्लेट उघडण्याआधी मुख्य क्वेरी चालते, तिला सातव्या पानावर काही सापडत नाही आणि ती ४०४ देऊन मोकळी होते. पहिली सहा पानं नीट चालतात म्हणून तपासणीत हे निसटतं. उपाय म्हणजे दुसरी क्वेरी लिहायचीच नाही. 'प्री_गेट_पोस्ट्स' हुकमध्ये (हुक म्हणजे वर्डप्रेसच्या कामात मध्येच आपला कोड घालायची जागा) मुख्य क्वेरीचाच आकडा ६ करायचा. मात्र ॲडमिन नाही, क्वेरी मुख्य आहे आणि पान कॅटेगरीचं आहे, या तिन्ही अटी घालाव्यात. पहिली विसरलात तर डॅशबोर्डातल्या यादीवरही हात पडू शकतो.

पहिले ३ लेख वर मोठ्या चौकटीत आणि बाकीचे खाली यादीत, ही मांडणी सगळ्यांनाच हवी असते. त्यासाठी 'ऑफसेट' (सुरुवातीचे किती लेख वगळायचे तो आकडा) ३ दिला की प्रत्येक पानावर तेच लेख दिसू लागतात, कारण ऑफसेट दिल्यावर पानाचा क्रमांक विचारातच घेतला जात नाही. ऑफसेट स्वतः मोजला (३ अधिक, पान वजा १ गुणिले ६) तरी काम अर्धंच होतं. एकूण संख्येतून ते ३ वजा होत नाहीत. ५५ लेख असतील तर पेजर १० पानं दाखवतो, पण खरी भरतात ९, आणि दहावं रिकामं. 'फाउंड_पोस्ट्स' फिल्टरमध्ये (फिल्टर म्हणजे वर्डप्रेसने काढलेली किंमत बदलू देणारा हुक) ३ वजा करावे लागतात. त्यापेक्षा वरच्या तीन लेखांचे आयडी 'पोस्ट__नॉट_इन'मध्ये (वगळायच्या लेखांच्या यादीत) देणं सोपं पडतं. इतक्या थोड्या आयडींना त्याने काही फरक पडत नाही.

क्वेरी वेगवान करायला कुणी 'नो_फाउंड_रोज' (एकूण संख्या मोजू नको) चालू करून ठेवलं असेल तर एकूण पानं शून्य येतात आणि पट्टी गायब होते. त्रुटीचा संदेशही येत नाही. दोनपेक्षा कमी पानं असली की 'पेजिनेट_लिंक्स' गप्प बसतं, आणि एरवी ते बरोबरच आहे.

तोच लेख दुसऱ्या आणि तिसऱ्या पानावरही दिसतो, अशी तक्रार आली तर पेजर उघडू नका, तारखा बघा. एक्सेलमधून एकगठ्ठा आयात केलेल्या शेकडो नोंदींची तारीख-वेळ सेकंदापर्यंत सारखी असते, आणि बरोबरीच्या ओळी कोणत्या क्रमाने द्यायच्या याची मायएसक्यूएल हमी देत नाही. क्रमात तारखेनंतर आयडी जोडला की प्रश्न मिटतो. स्टिकी, म्हणजे वर चिकटवून ठेवलेल्या, लेखांनीही असंच होतं. ते मुखपृष्ठावर वरती येतात आणि पुढे आपल्या मूळ जागीही पुन्हा दिसतात.

स्थिर मुखपृष्ठ ठेवलं असेल तर पानाचा क्रमांक 'पेज्ड' या क्वेरीच्या व्हेरिएबलमध्ये नसतो, 'पेज'मध्ये असतो. म्हणून पेजरच्या फाइलमध्ये १, 'पेज्ड' आणि 'पेज' या तिघांतला मोठा आकडा घ्यायचा. ही एक ओळ बरीच डोकेदुखी वाचवते.

आता 'बेस' पॅरामीटर, म्हणजे लिंकांच्या पत्त्याचा साचा. नेटवर सर्रास कॉपी होणारा नमुना ९९९९९९९९९ या आकड्याची लिंक बनवून त्या जागी खूण घालतो. चालतो, पण पहिल्या पानाची लिंकही 'पेज/१' अशी बनते आणि वर्डप्रेस ती ३०१ ने (कायमच्या पुनर्निर्देशनाने) मूळ पत्त्यावर ढकलतं. आर्काइव्हच्या (कॅटेगरीसारख्या लेखयाद्यांच्या) पानांवर 'बेस' द्यायची गरजच नसते. डीफॉल्ट ठेवला तर पहिली लिंक स्वच्छ येते. एकाच पानावर दोन याद्या असतील तर दुसरीच्या पानक्रमांकाला 'फॉरमॅट'मध्ये वेगळं नाव द्यावं. 'इयर', 'नेम' अशी राखीव नावं नकोत, ती दिली की पुन्हा ४०४.

सध्याच्या पत्त्यातले प्रश्नचिन्हानंतरचे सगळे पॅरामीटर पेजर पुढच्या लिंकांना जोडतो. शोधशब्द आणि वाचकाने केलेली विषयाची निवड टिकतात, ही सोय छान. पण फेसबुकवरून आलेल्या वाचकाचा ट्रॅकिंगचा शेपूटही त्यात चिकटतो. पेज कॅश (तयार पान साठवून पुन्हा देणारी सोय) तो शेपूट दुर्लक्षित करत असेल तर तेच एचटीएमएल साठवलं जाऊन सगळ्यांना मिळतं. 'पेजिनेट_लिंक्स' नावाचाच फिल्टर आहे, तिथे असे पॅरामीटर काढून टाकावेत. विषय निवडायच्या फॉर्मचा पत्ता मात्र नेहमी पहिल्या पानाचा द्यावा. पाचव्या पानावर उभं राहून विषय बदलला आणि त्या विषयाची दोनच पानं असली तर वाचक ४०४ वर आदळतो.

मराठी साइटसाठी दोन गोष्टी. आकडे देवनागरीत हवे असतील तर तयार पट्टीवर अंक बदलायचा मोह टाळा. लिंकमधलाही २ बदलला जातो, आणि रीराइट नियमांना (पत्त्यावरून पान ओळखणाऱ्या) ० ते ९ हे इंग्रजी अंकच समजतात. 'नंबर_फॉरमॅट_आय१८एन' फिल्टर पट्टीआधी लावायचा आणि नंतर लगेच काढायचा. दिसणारा आकडा त्यातून जातो, पत्त्यातला जात नाही. दुसरी गोष्ट शब्दांची. 'मागील' म्हणजे मागचं पान की मागचे, म्हणजे जुने लेख? बातम्यांच्या यादीत जुने लेख 'पुढील'वर असतात, त्यामुळे वाचक हमखास उलटीकडे दाबतो. तिथे 'नवे लेख' आणि 'जुने लेख' लिहावं. अकारविल्हे यादीत 'मागचं पान', 'पुढचं पान' ठीक.

मोबाइलवर डीफॉल्ट रुंद पडतं. ५० पैकी दहाव्या पानावर 'मिड_साइज' (चालू पानाच्या दोन्ही बाजूंना किती आकडे) २ असेल तर ठिपके आणि बाण धरून ११ तुकडे होतात. प्रत्येकी ४४ पिक्सेल धरले तर ४८४, आणि बऱ्याच फोनची रुंदी ३६०. १ केला तरी ३९६. शून्यावर ७ तुकडे, ३०८ पिक्सेल, तेव्हा कुठे एका ओळीत बसतं.

बूटस्ट्रॅप या तयार डिझाइन-संचाचा साचा हवा असेल तर 'टाइप'मध्ये ॲरे मागायचा आणि प्रत्येक तुकडा आपल्या यादीत गुंडाळायचा. चालू पानावरची 'एरिया-करंट' (स्क्रीन रीडरसाठीची) खूण आपोआप येते, बाहेरचा 'नॅव्ह' टॅग मात्र स्वतः घालावा लागतो. कॅनॉनिकल लिंक (पानाचा अधिकृत पत्ता सर्च इंजिनला सांगणारी) प्रत्येक पानाने स्वतःकडेच दाखवावी, पहिल्या पानाकडे नाही. आधीच्या-पुढच्या पानाच्या 'रेल' खुणा आपण अनुक्रमणेसाठी वापरत नाही, हे गूगलने २०१९ मध्येच सांगितलं आहे. त्यासाठी वेगळं प्लगइन बसवू नये.

ब्लॉक थीम (सगळी मांडणी ब्लॉकनी होणारी) असेल तर ही फाइल लागतच नाही, तिथे क्वेरी ब्लॉकचा स्वतःचा पेजर असतो. मात्र त्यात टेम्प्लेटची क्वेरी वापरायची की स्वतःची, हे आधी ठरवून घ्या. स्वतःची निवडली तर प्रत्येक यादीच्या पत्त्यात वेगळा क्रमांक येतो आणि वर सांगितलेलं कॅशचं प्रकरण तिथेही तपासावं लागतं.