हायड्रोजनची गाडी की बॅटरीची गाडी? गाडीवेड्यांसाठी एक तुलना

इंजिनाच्या आवाजावरून गाडी ओळखण्यात ज्यांचे बालपण गेले, त्यांच्यापैकी अनेकांना बॅटरीवरची गाडी सोयीची वाटते, पण तिच्यात त्यांचा जीव रमत नाही, आणि मग त्यांचे लक्ष हायड्रोजनकडे वळते. माझेही वळले आणि ते आजही तिथेच आहे. टाकी, दाब, झडपा, उष्णतेचे नियमन अशी यंत्रविद्येची सारी श्रीमंती या गाडीत शिल्लक आहे, आणि मागच्या नळीतून बाहेर पडते ते पाणी. मात्र गाडी घेण्याचा निर्णय करताना या ओढीबरोबर काही आकडेही समोर असावेत, कारण दोन्ही पर्यायांतील मोठे फरक गाडीच्या बाहेर, म्हणजे पंपावर आणि इंधन तयार होते त्या कारखान्यात आहेत.

दोन्ही गाड्यांची चाके विजेची मोटरच फिरवते. बॅटरीच्या गाडीत वीज साठवून आणलेली असते, तर हायड्रोजनच्या गाडीत ती धावता धावता तयार होते. ही वीज बनवणाऱ्या इंधनघटात (फ्युएल सेलमध्ये) एका बाजूने हायड्रोजन आणि दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन येतो. मधल्या पातळ पडद्यातून हायड्रोजनचे प्रोटॉन पार होतात, त्याच्या इलेक्ट्रॉनना मात्र बाहेरच्या तारेतून वळसा घालावा लागतो आणि त्या वळशातच मोटर चालवणारी वीज मिळते. ब्रिटिश शास्त्रज्ञ विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास दाखवलेले हे तत्त्व जनरल मोटर्सने १९६६ मध्ये इलेक्ट्रोव्हॅन या गाडीत उतरवले, तेव्हा यंत्रणेने मागची सारी जागा व्यापली होती. २०२० च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या पिढीच्या टोयोटा मिराई या हायड्रोजन गाडीत इंधनघट बॉनेटखाली मावला. एवढी मजल मारणाऱ्या अभियंत्यांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

इंधन भरण्याच्या वेळेत हायड्रोजन सरस आहे. मिराईच्या तीन टाक्यांत ७०० बार दाबाखाली (एक बार म्हणजे साधारण भोवतालच्या हवेइतका दाब) सुमारे ५.६ किलो हायड्रोजन मावतो, तो भरायला पाच मिनिटे पुरतात आणि त्यावर कागदोपत्री ६५० किलोमीटरच्या आसपास पल्ला मिळतो. वेगाने चार्ज होणाऱ्या आजच्या चांगल्या बॅटरी गाड्यांनाही १० टक्क्यांवरून ८० टक्क्यांवर जायला साधारण वीस मिनिटे लागतात. परंतु ज्याच्या घरी चार्जिंगची सोय आहे, त्याची गाडी रात्रभरात भरून तयार असते; हायड्रोजनसाठी दर वेळी पंपावर जावेच लागते. शिवाय भरताना वायू तापू नये म्हणून तो उणे ४० अंशांपर्यंत थंड केलेला असतो आणि एकामागून एक गाड्या आल्या की दाब पुन्हा चढेपर्यंत पुढच्याला थांबावे लागू शकते.

विजेच्या हिशेबात मात्र बॅटरी फार पुढे आहे, आणि हायड्रोजनवर प्रेम करणाऱ्याने हा हिशेब टाळू नये. पाण्याचे विद्युत अपघटन करून, म्हणजे विजेने पाणी फोडून, एक किलो हायड्रोजन मिळवायला, तो दाबायला आणि थंड करायला मिळून साधारण ५५ ते ६० युनिट वीज लागते. त्या किलोत वापरता येण्याजोगी ऊर्जा असते सुमारे ३३ युनिट, आणि इंधनघट तिच्यातली ढोबळमानाने अर्धी ते साठ टक्केच विजेत उतरवतो. शंभर किलोमीटरला ०.९ किलो धरला तर मुळातली वीज ५० युनिटांवर जाते. तेवढेच अंतर बॅटरीची गाडी चार्जिंगमधील गळती धरूनही वीसेक युनिटांत कापते. त्यातही आज जगातला बहुतेक हायड्रोजन पाण्यापासून नव्हे, तर नैसर्गिक वायू आणि कोळशापासून येतो. नैसर्गिक वायूपासून एक किलो हायड्रोजन बनवताना नऊ ते दहा किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, म्हणजे गाडीमागे धूर नसला तरी दर किलोमीटरचा हिशेब उत्तम पेट्रोल हायब्रिडच्या जवळ जातो. म्हणून आपल्या पंपावरचा हायड्रोजन कशापासून बनतो, हे विचारूनच पुढे जावे.

जागेचा मुद्दा सहसा चर्चेत येत नाही. एवढा दाब सोसायला टाकी नळकांड्यासारखीच असावी लागते, त्यामुळे ती बॅटरीसारखी जमिनीलगत सपाट पसरता येत नाही आणि डिकी आक्रसते. उलट कडाक्याच्या थंडीत इंधनघटाची वाया जाणारी उष्णता केबिन उबदार ठेवते, तर बॅटरीच्या गाडीचा पल्ला स्पष्टपणे घटतो.

आता पंपांविषयी. नॉर्वेत ऑस्लोजवळ सांडविका येथे जून २०१९ मध्ये हायड्रोजन पंपावर स्फोट झाला. नीट न आवळलेल्या बोल्टमुळे गळती झाल्याचे तपासात आढळले. दोष जोडणीतला होता, तरी तिथे हायड्रोजन गाड्यांची विक्री काही काळ थांबली. शेल या तेल कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला कॅलिफोर्नियातील आपले कारसाठीचे हायड्रोजन पंप बंद केले, तेव्हा चालू स्थितीतल्या गाड्यांच्या मालकांपुढे इंधनाचाच प्रश्न उभा राहिला. मला या गाड्यांत सर्वांत मोठी जोखीम इथे दिसते.

इंजिनाचा आवाज सोडवत नसेल, तर हायड्रोजन सरळ सिलिंडरमध्ये जाळण्याचाही मार्ग आहे. टोयोटाची अशी कोरोला मे २०२१ मध्ये जपानमधील फुजीच्या २४ तासांच्या शर्यतीत उतरली आणि २०२३ मध्ये उणे २५३ अंशांवरचा द्रवरूप हायड्रोजन घेऊन पुन्हा धावली. गाडीवेड्याला यापेक्षा आनंदाची बातमी कोणती असावी! पण असे इंजिन इंधनघटाहून अधिक हायड्रोजन खाते आणि त्यातून हवा प्रदूषित करणारी नायट्रोजनची ऑक्साइडेही निघतात.

घरी चार्जिंगची सोय असेल आणि रोजचे अंतर बेताचे असेल, तर माझा कौल बॅटरीच्या गाडीला आहे. घरी सोय नाही, रोजचे अंतर मोठे आहे आणि येण्याजाण्याच्या वाटेवर वेगवेगळ्या कंपन्यांचे किमान दोन पंप चालू आहेत, अशा माणसाने हायड्रोजनची गाडी निःशंकपणे घ्यावी; फक्त ते पंप ७०० बारचे असल्याची खात्री करावी, कारण बस आणि ट्रकसाठीचे काही पंप ३५० बारचेच असतात आणि तिथे कारची टाकी पुरी भरत नाही. जुनी गाडी घेणाऱ्याने टाकीवर नोंदलेली मुदत आधी वाचावी. ती संपल्यावर त्या टाकीत हायड्रोजन भरता येत नाही.