पिवळी कोरांटी : चोवीस रोपं, दोन उन्हाळे

आमचं घर यवतमाळ जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात, उंच जोत्यावर. जोत्याखालचा उतार बरड, दर पावसाळ्यात तिथली माती वाहून रस्त्यावर जायची. लॉनचं नाव काढायची सोय नाही, मे महिन्यात प्यायच्या पाण्याचेच वांधे असतात. म्हणून परवाच्या वर्षी मृग बरसल्यावर रस्त्यावरच्या एका नर्सरीतून पिवळ्या कोरांटीची 24 रोपं आणली, 30 रुपयाला एक. सासूबाईंनी कपाळावर हात मारला. "धुऱ्यावरची कोरांटी कोणी पैसे देऊन आणते काय वं?" (धुरा म्हणजे शेताचा बांध.)

त्यातली सहा जांभळी निघाली. जांभळीच्या पानांच्या बेचक्यात पिवळीसारखे काटे नसतात. फूल नव्हतं, घाईत मला फरक कळला नाही. शेजारच्या शेळीला एका दुपारात कळला. सहाही खुंट करून ठेवले. पिवळीला तोंड लावलं न् मान झटकून निघून गेली. नर्सरीत सांगितलं तर, "कोरांटीच आहे ना ताई ते बी?" बदलून दिली नाहीत.

पिवळी मात्र पैसेवसूल. दीड-दीड फुटावर लावली, मधे सोयाबीनचं कुटार (मळणीनंतरचा भुसा) पसरलं, पाणी फक्त पहिल्या दिवाळीपर्यंत. आपसूक वाढू दिली तर सरळ कमरेएवढी होते, म्हणून शेंडे खुडत गेले आणि खालच्या फांद्या वाकवून दगडाखाली दाबल्या. टेकल्या तिथे मुळं धरली. दुसऱ्या पावसाळ्यात माती दिसेनाशी झाली. फूल जवळून बघा: चार पाकळ्या वर एकत्र, पाचवी खाली एकटीच, रुसल्यासारखी.

उणंही सांगून टाकते. वैशाखात पानं झडून नुसते काटे उरतात, आलागेला विचारतो हे काय लावलं. सखल कोपऱ्यातल्या काळ्या मातीत पाणी साचलं, तिथली तीन सडली. आणि पहिल्या वर्षी मधलं गाजरगवत उपटताना बोटात काटे मोडतात ते वेगळंच.

कोरांटीला पाचापैकी साडेचार, नर्सरीला दोन. यंदा एकही रोप विकत घेतलं नाही. सासूबाईच विळा घेऊन धुऱ्यावर आल्या, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या कापून दिल्या.

जांभळीचे खुंटही फुटलेत. त्यांना बोराटीचं कुंपण घातलंय. शेळी रोज एक चक्कर मारून जाते.