आई-बाबांना मुंबई दाखवायची: लोकलने की भुयारी मेट्रोने?

ऑक्टोबर 2025 मध्ये आरे ते कफ परेड हा मेट्रो 3 चा मार्ग पूर्ण सुरू झाला, तेव्हापासून दक्षिण मुंबई बघायला येणाऱ्यांना निवडीला वाव मिळाला. घरच्यांना फिरवताना दोन्ही वापरून झाल्या, म्हणून लिहितोय.

पैशांत लोकलला तोड नाही. किमान तिकीट 5 रुपये. मेट्रोचं 10 पासून 70 पर्यंत. रात्री उशिरा परतायचं असेल तरी लोकलच, मेट्रो लवकर आटोपते. आणि मरीन लाइन्स सोडल्यावर दिसणारा समुद्र भुयारातून कुठला दिसायला!

माझं मत फिरलं ते उतरण्यावरून. आई आणि बायको लेडीज डब्यात, मी आणि बाबा जनरलमध्ये. दादरचा फलाट कुठल्या बाजूला येणार हे रोजच्या माणसाला पाठ असतं. बाहेरच्याला आधीच्या स्टेशनपासून विचारत विचारत दाराकडे सरकावं लागतं. गाडी थांबते जेमतेम अर्धा मिनिट, त्यात चढणाऱ्यांचा लोंढा समोरून येतो. आम्ही दोघे उतरलो आणि आई दिसेचना. तीही उतरली होती, पण फलाटाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि गर्दीत तिला फोन ऐकू येत नव्हता. त्यानंतर दिवसभर तिचा एकच प्रश्न: ‘आता कुठल्या बाजूला?’ शहर बघायचं राहिलंच. गर्दीच्या वेळी एसी लोकलमध्येही बाजूचं कोडं सुटत नाही.

मेट्रोत चौघं एकाच डब्यात, एकाच दाराने उतरतात. खोल उतरण्या-चढण्यात वेळ जातो खरा, पण लिफ्ट आहेत. सिद्धिविनायकाला त्याच नावाचं स्टेशन आहे. लोकलने गेलात तर दादरहून पुढे पायपीट किंवा टॅक्सी. हुतात्मा चौकात वर आलं की काळा घोडा परिसर, जहांगीर आर्ट गॅलरी, म्युझियम सगळं चालत होतं.

तुम्ही एकटे असाल, पाठीवर एक सॅक असेल, तर लोकलला नाही म्हणणार नाही. म्हातारी माणसं किंवा लहान मुलं सोबत असतील, तर मी तरी मेट्रोच धरेन. फक्त गिरगाव चौपाटीसाठी दुपारी चर्चगेटहून स्लो (प्रत्येक स्टेशनला थांबणारी) लोकल पकडा. गाडी तिथूनच सुटते, त्यामुळे डावीकडची खिडकी मिळते. चर्नी रोडला उतरा, चौपाटी समोरच आहे.