डीटी-54: पुस्काच बांधावं की थेट स्टार्टर बसवावा?

डीटी-54 पुन्हा चालता करायला घेतला की घोडं बहुतेक वेळा अडतं ते छोट्या इंजिनापाशी. 1949 पासून स्टॅलिनग्राड व खारकोव्हला आणि पुढे अल्ताईच्या कारखान्यात 1979 पर्यंत बनलेला हा पट्ट्यांवर चालणारा सोव्हिएत ट्रॅक्टर. त्याचं मोठं डिझेल इंजिन पीडी-10 नावाच्या एका सिलिंडरच्या टू-स्ट्रोक पेट्रोल इंजिनाने फिरवायचं असतं. रशियन मंडळी त्याला पुस्काच म्हणतात. बरीच वर्षं उभ्या राहिलेल्या ट्रॅक्टरचं पुस्काच सहसा जाम किंवा अशक्त झालेलं मिळतं. मग दोनच वाटा उरतात: ते नीट बांधायचं, किंवा काढून त्या जागी गिअर असलेला इलेक्ट्रिक स्टार्टर बसवायचा. मी पुस्काच बांधण्याच्या बाजूचा आहे, पण स्टार्टरची बाजू हलकी नाही. ती आधी मांडतो.

ट्रॅक्टर रोज कामाला जात असेल, दिवसातून सहा-आठ वेळा बंद-चालू होत असेल आणि चालवणारे हात बदलत असतील, तर स्टार्टरसारखं सुख नाही. किल्ली फिरवली की झालं. पेट्रोलची वेगळी टाकी नाही, तेलाचं मिश्रण नाही, दोरी नाही. पुस्काच दोरी ओढून चालू करतात, आणि दोरीचा मुद्दा गंभीर आहे. पुस्काचचं टायमिंग (ठिणगीची वेळ) थोडं जरी पुढे गेलं तरी ते उलटा झटका मारतं. दोरी हाताला गुंडाळून ओढणाऱ्याचं मनगट अशाने मोडू शकतं. दोरीला लाकडी मूठ असावी आणि वेढा फक्त पुस्काचच्या फ्लायव्हीलवर (जड चाकावर) असावा, बोटांवर कधीच नाही.

स्टार्टर बसवणं मात्र वाटतं तेवढं सरळ नाही. मोठ्या इंजिनाच्या फ्लायव्हीलवर रिंग गिअर (कडेचं दातांचं कडं) आधीच आहे, कारण पुस्काचही त्याच दातांवर चालतं. पण स्टार्टरच्या पिनियनचं (छोट्या गिअरचं) मॉड्यूल, म्हणजे दाताचं माप, त्या दातांशी जुळायला हवं. रिंगचा बाहेरचा व्यास मिमीमध्ये मोजा, त्याला दातांची संख्या अधिक दोन याने भागा, म्हणजे मॉड्यूलचा अंदाज येतो. अंदाजच म्हणतो, कारण अशा दातांचा आकार बऱ्याचदा दुरुस्त केलेला असतो. शेवटी पिनियन रिंगवर टेकवून डोळ्यांनीच पाहावं लागतं. मग जुना रिड्यूसर (पुस्काच आणि फ्लायव्हीलमधली गिअरपेटी) उतरवून त्याच्या तोंडावर 12 ते 16 मिमीची पोलादी प्लेट बसते. तिचं मधलं भोक लेथवरच करून घ्या, गॅसने कापलेलं चालत नाही. दातांमध्ये साधारण अर्धा मिमी मोकळीक राहायला हवी. ती कमी पडली तर पिनियन परत फिरत नाही आणि इंजिन पेटल्यावर स्टार्टरला घेऊन फिरतं.

केबलवर काटकसर करणारे पुष्कळ असतात. दोन्ही केबल मिळून चार मीटर लांबी आणि 500 अँपिअर प्रवाह धरला, तर 25 चौरस मिमी तांब्याच्या केबलमध्ये जवळपास 1.4 व्होल्ट वाया जातात, 70 चौरस मिमीमध्ये अर्धा व्होल्ट. 12 व्होल्टच्या बॅटरीचे 1.4 व्होल्ट तारेतच गेले की 7.46 लिटरचं, 16 पट दाबाचं डी-54, म्हणजे ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन, नुसतं कण्हतं. 24 व्होल्ट केलं तर प्रवाह निम्म्यावर येतो, पण बॅटऱ्या दोन लागतात.

इथपर्यंतचं सगळं पैसे आणि मेहनत घालून सुटतं. माझा कौल ज्याने फिरवला ती गोष्ट वेगळी आहे. स्टार्टर सलग दहा-पंधरा सेकंद फिरवायचा, मग एक-दोन मिनिटं थंड होऊ द्यायचा, हा त्याच्या वाइंडिंगचा नियम आहे. जे यंत्र वर्षातून चार वेळा चालतं त्याचं डिझेल एव्हाना पाइपातून टाकीकडे उतरलेलं असतं, पंपात हवा शिरलेली असते आणि बेअरिंगवरचं तेल गळून गेलेलं असतं. अशा इंजिनाला पंधरा सेकंदांच्या हप्त्यांमध्ये फिरवणं म्हणजे दर वेळी जेमतेम हवा निघू लागते आणि थांबावं लागतं. पाचव्या हप्त्याला बॅटरी बसते. सहा-आठ महिने चार्जिंगविना पडलेल्या बॅटरीची ताकद आधीच घटलेली असते, ते निराळंच.

पुस्काचला भार घेऊन सलग दहा मिनिटं चालण्याची मुभा आहे, फार तर पंधरा. डिकॉम्प्रेशन लिव्हर ओढून डिझेलचा दाब सोडायचा, इंधन बंद ठेवायचं आणि पुस्काचने मोठं इंजिन निवांत फिरवत राहायचं. तेलाच्या गेजचा काटा उठतो. मग इंधन उघडायचं; इंजेक्टरच्या नळ्या सैल केल्या असतील तर बुडबुडे संपून सलग डिझेल येऊ लागतं. मग नळ्या आवळून लिव्हर चालू स्थितीत आणायचा. पहिला स्फोट होतो तेव्हा बेअरिंगवर तेल असतं. शिवाय पुस्काचचं पाणी आणि डिझेलचं पाणी एकच असल्याने तोवर मोठ्या इंजिनाचं डोकं कोमट झालेलं असतं. अल्ताईच्या हिवाळ्यात हाच सगळ्यात मोठा मुद्दा होता. पुण्याच्या जानेवारीत तो नगण्य म्हणता येईल, पण तेलाच्या दाबाचा मुद्दा कुठल्याही हवेत तितकाच खरा. दहा मिनिटांची मर्यादा मात्र पाळा: डिझेल पेटेपर्यंत पंप धड फिरत नाही, पाणी फक्त तापून वर चढतं आणि थंड होऊन उतरतं, एवढ्यावर ते छोटं सिलिंडर फार वेळ थंड राहत नाही.

आता बांधणीकडे. पुस्काचची बदनामी झाली ती एका भागामुळे: क्रँकशाफ्टची ऑइल सीलं. टू-स्ट्रोकमध्ये क्रँककेस हाच पंप असतो, त्यामुळे सील गेलं की सगळं गणित बिघडतं. गिअरच्या बाजूचं सील फाटलं तर गिअरचं तेल आत ओढलं जातं, पांढरा-निळा धूर, ओला प्लग आणि रिड्यूसरमधली तेलाची पातळी गूढपणे घटत जाते. फ्लायव्हीलच्या बाजूचं गेलं तर हवा शिरते: मिश्रण पातळ, थंडीत चालू होत नाही, चालू झालं की वेग वर-खाली होत राहतो. लोक अशा वेळी कार्ब्युरेटर आणि मॅग्नेटो (ठिणगी देणारा भाग) उलटसुलट खोलत बसतात. सीलं बदलताना शाफ्टवर जुन्या ओठाने चर पाडलाय का ते नखाने पाहा. चर असेल तर नवं सील दोनेक मिमी आत-बाहेर सरकवून ताज्या जागी बसवा, नाहीतर पहिल्याच महिन्यात पुन्हा तेच.

क्रँककेसचे दोन भाग जोडल्यावर सिलिंडर बसवा, इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं रबर-पट्टीने बंद करा आणि हातपंपाने 0.3 ते 0.4 बार हवा भरा. साबणाचं पाणी लावून पाहा. एक मिनिट दाब टिकला पाहिजे. ही चाचणी चुकवून बांधलेलं इंजिन दोनदा खोलावं लागतं.

क्रँक जोडून दाबलेला आहे, बिगएंडला (रॉडच्या क्रँककडच्या टोकाला) रोलर आहेत. रॉड वर-खाली हलवून पाहा, कसलीही खडखड चालणार नाही. आडवी थोडी हालचाल चालते. रोलर गंजले असतील तर पिन काढायला प्रेस लागतो आणि परत दाबल्यावर शाफ्ट दोन टोकांवर धरून डायल गेजने तपासावा लागतो. 0.05 मिमीच्या आत आणायचा प्रयत्न करावा. चांगला लेथवाला नसेल तर हे काम घरच्या हातोड्याने करू नका. पूर्ण झिजलेल्या क्रँकसाठी मात्र स्टार्टरचा पर्याय समजून घेता येतो.

बोअर 72 मिमी, स्ट्रोक 85, म्हणजे 346 सीसी. पुस्काच चालतं कमी आणि उभं राहतं जास्त, म्हणून झीज थोडी आणि रिंगा चिकटलेल्या, हे नेहमीचं चित्र. बोअर खरवडलेलं नसेल तर होनिंग आणि नव्या रिंगा पुरतात. रिंगच्या टोकांतलं अंतर 0.3 मिमीच्या आसपास ठेवा. बोअर मोठं केलं तर सिलिंडरच्या भिंतीतल्या खिडक्यांच्या (वायू ये-जा करणाऱ्या भोकांच्या) कडा किंचित घासून मऊ करायलाच हव्यात. नाहीतर रिंग तिथे अडकते आणि तुकडा सिलिंडरभर फिरतो. रिंगा ज्या खुंट्यांवर अडतात त्या खुंट्या हललेल्या नाहीत ना, तेही पाहा.

मॅग्नेटोच्या पॉइंटमध्ये 0.25 ते 0.35 मिमी, प्लगला 0.6 ते 0.75 मिमी. ठिणगी पिवळट आणि बारीक असेल तर आधी कंडेन्सर बदला, चुंबकावर संशय नंतर. टायमिंग: पिस्टन वरच्या टोकापासून 5.8 मिमी खाली असताना पॉइंट उघडायला लागावेत, म्हणजे 27 अंश. प्लगच्या भोकातून कॅलिपरची दांडी सरळ सोडून मोजा. तिरकी सोडली तर माप फसतं आणि मग तो मनगटाचा झटका.

मिश्रण जुन्या पुस्तकाप्रमाणे 15 ला 1, लिटरला साधारण 67 मिली तेल. आजच्या टू-टी तेलावर 20 ला 1 ठेवावं असं माझं मत, त्याहून पातळ नको, रोलर वाचले पाहिजेत. आपल्याकडच्या 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला ओल लवकर लागते, तेव्हा टाकीत साठा ठेवू नका.

आणि एक सवय लावून घ्या: नळ बंद करून कार्ब्युरेटर रिकामा होईपर्यंत चालवायचं, मग इंजिन आपोआप थांबतं. नळ उघडा राहिला आणि फ्लोटची निडल गळली तर क्रँककेस पेट्रोलने भरतो, आणि दुसऱ्या दिवशी कितीही दोरी ओढली तरी प्लग ओलाच. तळाचा बूच काढून ते सांडून द्यायचं, मग प्लग सुकवून पुन्हा ओढायचं.

याउपर स्टार्टरच बसवायचा ठरवला तर निदान पुस्काच भंगारात देऊ नका. प्लगच्या भोकातून दोन चमचे तेल ओता, क्रँक चार वेढे फिरवा, एक्झॉस्टचं तोंड लाकडी गुट्टीने बंद करा आणि रिड्यूसरसकट, प्लेटच्या मापांच्या कागदासह कोरड्या जागी ठेवा. रिंग गिअरचे दातही त्याच वेळी पाहून घ्या: चार सिलिंडरचं इंजिन बहुधा समोरासमोरच्या दोनच जागी थांबतं, तिथले दात सगळ्यात आधी खातात. रिंग तापवून उलटी बसवली की नवे दात मिळतात, आणि हे काम दोन्ही वाटांवर करावंच लागतं.